मालदीवची लोकशाही : बाहेरच्यांनी नेमकं काय दिलं?

खाडीपलीकडचा | सदर : चर्चा

मागच्या आठवड्यात ‘इंडिया आउट’वाल्या धाग्यावर (भारतीय सैनिक परत पाठवा म्हणणारी मालदीवमधली मोहीम) एकाने ठोकून दिलं होतं की मालदीवची लोकशाही लंडनला बेतली, न्यूयॉर्कला शिवली आणि दिल्लीने तिला इस्त्री केली. वाक्य झकास आहे, पण ते चूक आहे. चूक का, हे तिथेच लिहायला बसलो आणि ते वाढत गेलं, म्हणून हा वेगळा धागा.

आधी देश केवढा ते डोळ्यांसमोर आणा. साधारण १,२०० बेटं, त्यांतल्या दोनशेहून कमी बेटांवर वस्ती. २०२२ च्या जनगणनेत परदेशी कामगार धरून ५ लाख १५ हजार डोकी, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या मधल्या आकाराच्या महापालिकेएवढी. अशा ठिकाणी मंत्री, न्यायाधीश, जेलर आणि कैदी हे चौघं एकमेकांना नावानिशी ओळखत असतात. पुढचं सगळं वाचताना हे लक्षात असू द्या.

मौमून अब्दुल गयूम ११ नोव्हेंबर १९७८ ला राष्ट्राध्यक्ष झाले आणि तीस वर्षं राहिले. निवडणुका व्हायच्या हो. मजलिस, म्हणजे त्यांची संसद, एकच नाव पक्कं करायची आणि लोकांनी त्या नावापुढे हो किंवा नाही म्हणायचं. मजलिसच्या ५० पैकी ८ सदस्य खुद्द राष्ट्राध्यक्षांनी नेमलेले. ऑक्टोबर २००३ मध्ये गयूमना असे ९० टक्क्यांहून जास्त ‘हो’ मिळाले. त्याच्या महिनाभर आधी, १९ सप्टेंबरला, माफुशीच्या तुरुंगात इव्हान नसीम हा १९ वर्षांचा मुलगा मारहाणीत मेला होता, आणि दुसऱ्या दिवशी राजधानी मालेत जाळपोळ झाली होती. तरीही ९० टक्के!

परकीय मदतीचा भाग इथून सुरू होतो, आणि गंमत म्हणजे सुरुवातीची मदत पैशांची नव्हतीच. ती जागेची होती. देशात पक्ष काढायला बंदी, म्हणून मालदीवियन डेमोक्रॅटिक पार्टीची घोषणा नोव्हेंबर २००३ मध्ये कोलंबोत झाली. ‘मिनिवन’ रेडिओ परदेशातून शॉर्टवेव्हवर चालायचा (‘मिनिवन’ म्हणजे स्वतंत्र). ब्रिटनच्या हुजूर पक्षाचे लोक या नव्या पक्षाला प्रचाराचं तंत्र शिकवत होते. आणि दुसऱ्या बाजूला गयूमनीही लंडनची हिल अँड नॉल्टन ही जनसंपर्क कंपनी आपली प्रतिमा सांभाळायला ठेवली होती. दोन्ही बाजूंचे सल्लागार एकाच गावचे!

ऑगस्ट २००४ मध्ये मालेत मोठं आंदोलन झालं. धरपकड झाली, आणीबाणी आली. सप्टेंबरमध्ये युरोपीय संसदेने ठराव केला की मानवतावादी मदत सोडून बाकीची मदत थांबवा. दाब वाढत होता, तेवढ्यात २६ डिसेंबरची त्सुनामी आली. माणसं तुलनेने कमी गेली, मृत आणि बेपत्ता मिळून शंभराच्या आसपास, पण नुकसान देशाच्या वार्षिक उत्पन्नाच्या ६२ टक्के. जेमतेम आठवडाभर आधी संयुक्त राष्ट्रांनी मालदीवला ‘सर्वांत कमी विकसित देश’ या यादीतून बाहेर काढायचं ठरवलं होतं, ते लांबणीवर टाकावं लागलं आणि शेवटी २०११ उजाडलं. आता घरं, बंदरं, पाण्याच्या टाक्या सगळंच बाहेरच्या पैशांतून उभं करायचं होतं. देणाऱ्यांसमोर हात पसरताना मागे तुरुंग भरलेले दिसणं परवडणारं नव्हतं. जून २००५ मध्ये मजलिसने एकमताने पक्षांना परवानगी दिली. एकमताने, म्हणजे गयूमनी नेमलेल्या आठांसकट.

२००६ मध्ये कोलंबोत ब्रिटिश उच्चायुक्तांच्या निवासस्थानी, वेस्टमिन्स्टर हाउसमध्ये, सरकार आणि विरोधक समोरासमोर बसले. माझ्या मते सगळ्या परकीय मदतीतली सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी मदत हीच. चहा, एक टेबल, आणि दोघांनाही ज्याच्यासमोर उठून जायला संकोच वाटेल असा एक यजमान.

७ ऑगस्ट २००८ ला नवी राज्यघटना लागू झाली. ८ ऑक्टोबरच्या पहिल्या फेरीत गयूम ४० टक्के, मालदीवियन डेमोक्रॅटिक पार्टीचे मोहम्मद नशीद २५ टक्के. २८ ऑक्टोबरच्या दुसऱ्या फेरीत बाकीचे सगळे नशीदमागे उभे राहिले आणि ते ५४ टक्क्यांनी निवडून आले. गयूमनी हार मान्य केली, खुर्ची सोडली. संयुक्त राष्ट्रांचे तज्ज्ञ होते, राष्ट्रकुलाचे निरीक्षक होते, अहवाल निघाले, सगळ्यांनी एकमेकांच्या पाठी थोपटल्या.

आणि इथेच माझ्या मते घोटाळा झाला. नव्या घटनेत २८५ वं कलम होतं. त्यात म्हटलं होतं की गयूमच्या काळातले न्यायाधीश तात्पुरते राहतील. दोन वर्षांत न्यायिक सेवा आयोगाने एकेकाची पात्रता तपासायची, शिक्षण, चारित्र्य, गुन्ह्यांचा इतिहास, आणि मगच कायम करायचं. मुदत ७ ऑगस्ट २०१०. आयोगाने काय केलं? हे कलम केवळ प्रतीकात्मक आहे असं म्हणून मुदतीच्या तोंडावर जवळजवळ सगळ्यांना सरसकट शपथ दिली. आयोगाच्याच एक सदस्य, ऐशत वेलेझिनी, ओरडून सांगत होत्या की हा मूक उठाव आहे. त्यांच्यावर जानेवारी २०११ मध्ये मालेत भर रस्त्यात चाकूहल्ला झाला.

पुढचं सगळं त्या सरसकट शपथेतून निघालं असं मला वाटतं. फौजदारी न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश अब्दुल्ला मोहम्मद यांची आयोगाने चौकशी लावली, तर दिवाणी न्यायालयाने आयोगाच्याच कारवाईला स्थगिती दिली. नशीदना धीर धरवला नाही. १६ जानेवारी २०१२ ला त्यांनी लष्कराकरवी त्या न्यायाधीशाला उचलून एका बेटावर ठेवलं. ही घोडचूक होती, आणि ती लोकशाहीच्या नायकाने केली. तीन आठवडे निदर्शनं, पोलिसांचं बंड, आणि ७ फेब्रुवारीला राजीनामा. तो दिला की द्यायला लावला, यावर मालेत आजही भांडणं होतात. सिंगापूरचे निवृत्त न्यायाधीश सहअध्यक्ष असलेल्या चौकशी आयोगाने ऑगस्टमध्ये सांगितलं की उठाव वगैरे झाला नाही.

७ सप्टेंबर २०१३ ची निवडणूक भारत, राष्ट्रकुल, संयुक्त राष्ट्रं सगळ्यांनी चोख म्हटली. नशीद ४५ टक्के, गयूमचे सावत्र भाऊ यामीन २५, उद्योगपती गासिम २४. तिसऱ्या क्रमांकाचे गासिम कोर्टात गेले. सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांच्या एका गुप्त अहवालावरून, ज्याची प्रत निवडणूक आयोगालाही दिली नाही, ५,६२३ मतं अपात्र ठरवली आणि ४ विरुद्ध ३ अशा निकालाने अख्खी निवडणूक रद्द केली. १९ ऑक्टोबरला फेरमतदान ठरलं, तर पहाटे पोलिसांनी मतपेट्या बाहेरच जाऊ दिल्या नाहीत. शेवटी १६ नोव्हेंबरच्या फेरीत यामीन ५१.४ टक्क्यांनी निवडून आले. मग न्यायालयाने निवडणूक आयोगाच्या अध्यक्षांनाच अवमानाखाली घरी पाठवलं.

तर माझं म्हणणं एवढंच : बाहेरून पेट्या आल्या, याद्या नीट झाल्या, निरीक्षक आले, घटनेचे मसुदे तपासले गेले. न्यायाधीश मात्र जुनेच राहिले आणि मदत करणाऱ्यांनी त्या खोलीचं दार ठोठावलंच नाही, किंवा फार उशिरा ठोठावलं. आंतरराष्ट्रीय विधिज्ञ आयोगाचा अहवाल फेब्रुवारी २०११ चा, संयुक्त राष्ट्रांच्या विशेष प्रतिनिधी गाब्रिएला क्नॉल आल्या २०१३ मध्ये. वरात निघून गेल्यावर घोडं आलं.

तुम्हाला काय वाटतं? आणि हो, कुणी तिकडे राहून आलेलं असेल तर जरूर लिहा. माझं ज्ञान पुस्तकी आहे, समुद्र मी रत्नागिरीचाच पाहिलाय.

---

तिरकस | रात्री १०:०५

इस्त्रीवालं वाक्य माझंच. आवडल्याबद्दल आभार, चुकीचं ठरवल्याबद्दल निषेध. बाकी सावकाश वाचतो, आत्ता फक्त पहिला नंबर लावला.

---

शंकासुर | रात्री १०:४८

लेख चांगला आहे, पण दिल्लीला तुम्ही फार सहज सोडलंत. भारताने मालदीवमध्ये लोकशाहीला मदत केली असं मला एकदाही दिसत नाही. भारताने तिथल्या *सरकारला* मदत केली. सरकार ज्याचं असेल त्याचं.

३ नोव्हेंबर १९८८ आठवा. श्रीलंकेतल्या तमिळ भाडोत्री बंदूकधाऱ्यांनी माले ताब्यात घेतलं, गयूमनी हाक मारली आणि त्याच रात्री आग्र्याहून निघालेली आपली विमानं हुलहुले विमानतळावर उतरली. ऑपरेशन कॅक्टस. पळणारं जहाज आयएनएस गोदावरीने समुद्रात गाठलं. लष्करी दृष्ट्या अप्रतिम काम, कुणीही टोपी काढावी. पण वाचलं कोण? हो-नाहीच्या निवडणुकीवाला माणूस. त्यानंतर तो अजून वीस वर्षं टिकला.

आता २०१२ बघा. नशीद निवडून आलेले. ७ फेब्रुवारीला गेले आणि दुसऱ्याच दिवशी मनमोहन सिंगांचं अभिनंदनाचं पत्र त्यांच्या जागी बसलेले उपराष्ट्राध्यक्ष डॉ. वहीद यांना. मग एक वर्षाने अटक टाळायला नशीद आपल्याच उच्चायुक्तालयात येऊन बसले, फेब्रुवारी २०१३ मध्ये अकरा दिवस. तेव्हा आपल्याला कळलं की घाईत चुकीच्या माणसाला हार घातला. २०१८ मध्ये यामीननी आणीबाणी लावून सरन्यायाधीशांनाच अटक केली, म्हाताऱ्या गयूमनाही आत टाकलं (सावत्र भाऊ बरं का!), नशीद परदेशातून भारताने फौज पाठवावी म्हणून विनवत होते. आपण निवेदन काढलं.

शेवटचं चूक होतं असं मी म्हणत नाही. उलट त्याच शहाणपणामुळे सप्टेंबर २०१८ मध्ये लोकांनी ८९ टक्के मतदान करून यामीनना स्वतःच घालवलं. विरोधकांचे उमेदवार सोलिह ५८ टक्के. कुणाचा सैनिक नाही, कुणाची मध्यस्थी नाही.

---

खाडीपलीकडचा | रात्री ११:२०

@शंकासुर, मान्य. सरकारला मदत आणि व्यवस्थेला मदत यातला फरक मी लेखात करायला हवा होता. फक्त २०१८ बद्दल थोडं : युरोपीय संघाने त्या जुलैत निर्बंधांची चौकट मंजूर करून ठेवली होती, म्हणजे निवडणुकीत गडबड केलीत तर व्यक्तिगत खाती आणि व्हिसा अडकतील असा इशारा. त्याचा किती उपयोग झाला हे मोजता येणार नाही, पण ‘कुणाची मध्यस्थी नाही’ हे पूर्ण खरं नाही.

आणि २०१६ मध्ये यामीननी राष्ट्रकुलातून देशच बाहेर काढला होता हेही विसरू नका. ज्या संस्थेने सर्वांत जास्त कान धरला तिलाच दार दाखवलं. परत आले ते फेब्रुवारी २०२० मध्ये.

---

हिशेबनीस | सकाळी ७:३२

पैशांबद्दल कुणी बोलत नाहीये म्हणून मी बोलतो. सवय आहे.

नशीद आले तेव्हा तिजोरी रिकामी होती, उलट उणे होती. त्सुनामीनंतर आणि निवडणुकीच्या तोंडावर गयूम सरकारने नोकरभरती आणि पगारवाढ दोन्ही सढळ हाताने केलेली. शिवाय नव्या घटनेने जे आयोग जन्माला घातले, मानवाधिकार, भ्रष्टाचारविरोधी, नागरी सेवा, निवडणूक, न्यायिक सेवा, त्या प्रत्येकाला कार्यालय, सदस्य, गाड्या, पगार. पाच लाखांच्या देशात! लोकशाहीचा चालू खर्च कोण देणार हे मसुदा तपासणाऱ्या तज्ज्ञांनी विचारलं होतं का?

२००९ च्या डिसेंबरमध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने सुमारे ९ कोटी डॉलरचं कर्ज मंजूर केलं. अट नेहमीची : पगारबिल कमी करा. सरकारने सरकारी नोकरांचे पगार १० ते २० टक्क्यांनी कापले. त्यावर नव्याने जन्मलेला नागरी सेवा आयोग सरकारशी भांडायला उभा राहिला, प्रकरण कोर्टात. म्हणजे एका परदेशी संस्थेने आयोग उभा करायला मदत केली आणि दुसऱ्या परदेशी संस्थेच्या अटीमुळे सरकार आणि आयोग एकमेकांच्या उरावर बसले. त्या देशात सरकारी नोकर पुष्कळ. ज्यांनी वर्षापूर्वी मत दिलं त्यांच्याच खिशाला कात्री. निधीचं कर्ज पुढे रुळावरून घसरलं ते वेगळंच.

मजलिसमध्ये बहुमत नव्हतं, हेही जोडा. जून २०१० मध्ये अख्ख्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला होता की विरोधी बहुमत काम करू देत नाही म्हणून. आठवडाभरात परत शपथ.

---

तिरकस | सकाळी ९:१०

आणि जगाला काय आठवतं? ऑक्टोबर २००९, समुद्राच्या तळाशी टेबलं मांडून भरलेली मंत्रिमंडळाची बैठक. फोटो सगळीकडे. मला वाटतं देणाऱ्या देशांना तो फोटोच आवडला होता. हवामानबदल, तरुण राष्ट्राध्यक्ष, निळं पाणी. कलम २८५ चा फोटो निघत नाही.

(आता इस्त्रीचं वाक्य मागे घ्यायला हरकत नाही, पण घेणार नाही.)

---

मेलबर्नची माई | दुपारी १२:४१

तुमचा धागा इथल्या एका जुन्या प्रयोगाशी ताडून बघावासा वाटला. सॉलोमन बेटं. मी इथे पंचवीस वर्षं आहे, तेव्हापासून बातम्यांत होनियारा, म्हणजे तिथली राजधानी, ऐकते आहे.

तिथे १९९८ पासून पाच वर्षं वांशिक टोळ्यांचा धुमाकूळ होता, सरकारी खजिना बंदुकीच्या धाकाने रिकामा केला जायचा. जुलै २००३ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या नेतृत्वाखाली पॅसिफिकमधल्या देशांचं पथक उतरलं, ‘रॅम्सी’ म्हणतात त्याला. स्थानिक पिजिनमध्ये मोहिमेचं नाव ‘हेल्पेम फ्रेन’. पोलीस, लेखापाल, तुरुंगाधिकारी, न्यायाधीश, अर्थखात्यातले सल्लागार, सगळंच. खाडीपलीकडचे म्हणतात ना की न्यायाधीशांच्या खोलीचं दार कुणी ठोठावलं नाही. इथे ते दार उघडून आतच बसले होते. चौदा वर्षं! जून २०१७ ला परतले. खर्च अडीच अब्ज ऑस्ट्रेलियन डॉलरच्या वर.

बंदुका गोळा झाल्या, पगार वेळेवर व्हायला लागले, हे खरं. सामान्य बायका रात्री रस्त्यावर फिरू शकल्या, हे मी तिथे काम केलेल्या नर्सकडून ऐकलंय आणि ते मला सगळ्या अहवालांपेक्षा मोठं वाटतं. पण एप्रिल २००६ मध्ये, पथक तिथे असतानाच, पंतप्रधानाच्या निवडीवरून होनियाराचं चायनाटाउन जळालं. कारण खासदार कसे फुटतात, कोण कुणाला पैसे देतं, लाकूडतोडीच्या कंपन्या कुणाच्या खिशात आहेत, याला कुणी हात लावू शकलं नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये परत जळालं आणि परत ऑस्ट्रेलियाचेच पोलीस गेले. दरम्यान सोगावारे पंतप्रधान झालेले. २०१९ मध्ये तैवान सोडून चीनशी मैत्री, २०२२ मध्ये चीनशी सुरक्षा करार. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियाने सांगितलं की निवडणुकीचा खर्च आम्ही देतो, तर सोगावारेंनी हा आमच्या कारभारात हस्तक्षेप आहे म्हणून फटकारलं आणि निवडणूक २०२४ वर ढकललीच.

तेव्हा बाळांनो, दार ठोठावलं असतं तरी काय झालं असतं कुणास ठाऊक.

---

खाडीपलीकडचा | दुपारी १:१५

माई, हे भारी उदाहरण दिलंत. माझ्या मांडणीला चांगलाच धक्का आहे, मान्य करतो. एकच फरक : सॉलोमनमध्ये परके न्यायाधीश *बसवले*, मालदीवमध्ये प्रश्न आपलेच न्यायाधीश आपल्याच घटनेप्रमाणे *तपासण्याचा* होता. नियम होता, मुदत होती, आयोग होता. फक्त त्या वेळी कुणीतरी, राष्ट्रकुल म्हणा, संयुक्त राष्ट्रं म्हणा, मोठ्याने म्हणायला हवं होतं की हे चालणार नाही. २००६ च्या वेस्टमिन्स्टर हाउससारखं. तो पैशांचा नाही, लक्ष देण्याचा प्रश्न होता.

---

फोंडेकर | दुपारी ३:५०

थोडं अवांतर, पण गोव्याशी संबंधित म्हणून राहवत नाही.

मालदीवमध्ये ‘बाहेरची मदत घेऊन सत्ता’ हा प्रकार फार जुना आहे. सोळाव्या शतकात नववा हसन नावाचा सुलतान गादी सोडून कोचीनला पळाला, तिथे ख्रिस्ती झाला, दों मान्युएल नाव घेतलं, आणि आमचे पोर्तुगीज त्याच्या नावाने बेटं मिळवायला निघाले. १५५८ ते १५७३ माले त्यांच्या ताब्यात. उतीमू बेटाच्या मुहम्मद ठाकुरुफानूने रात्री होडीतून छापे घालत त्यांना हाकललं. त्यांचा राष्ट्रीय दिवस त्याच विजयाचा. तेव्हा परदेशी माणूस तुमच्या भल्यासाठी आलोय म्हणाला की त्यांच्या कानात काय वाजत असेल याचा अंदाज घ्या. ‘इंडिया आउट’ ही घोषणा नुसती चीनच्या पैशावर चालली असं म्हणणाऱ्यांनी हे वाचावं.

आणि त्यांच्या कवड्या बंगालपर्यंत चलन म्हणून चालायच्या. आपण ज्याला कवडीमोल म्हणतो त्यावर ते देश चालवत होते.

---

शंकासुर | दुपारी ४:२२

@फोंडेकर, सहमत. मुइज्जूंनी सप्टेंबर २०२३ ला राष्ट्राध्यक्षपद ५४ टक्क्यांनी जिंकलं ते याच भावनेवर. पण गंमत बघा, आपले सैनिक मे २०२४ पर्यंत परत आले, त्यांच्या जागी तांत्रिक कर्मचारी गेले, आणि जुलै २०२५ मध्ये त्यांच्या स्वातंत्र्याच्या साठीला मोदी प्रमुख पाहुणे आणि ४,८५० कोटी रुपयांची नवी पतरेषा. मालेजवळची बेटं जोडणारा पूल ॲफकॉन्स बांधतेय, म्हणजे आपल्या मुंबईचीच कंपनी. यात लोकशाहीचा ‘ल’ कुठेच नाही, आणि दोन्ही सरकारांना तेच सोयीचं आहे.

---

कलम_कसाई | संध्याकाळी ६:०३

कायद्याच्या बाजूने दोन गोष्टी.

एक. तुमच्या लेखात दंडसंहितेचा उल्लेख नाही, तो हवा. २००४ मध्ये मालदीवच्या महाधिवक्त्यांनी आणि संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाने अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या पॉल रॉबिन्सन या प्राध्यापकाला नवी दंडसंहिता लिहायला सांगितली. शरिया आणि आधुनिक फौजदारी कायदा यांची सांगड घालायची. त्यांनी विद्यार्थ्यांना हाताशी धरून मसुदा केला, २००६ मध्ये दिला. कलमं सुटसुटीत, शिक्षांचे तक्ते, न्यायाधीशाच्या मर्जीला कमी वाव. अभ्यासकांनी वाखाणलेला मसुदा. मजलिसमध्ये तो पडून राहिला, मंजूर झाला २०१४ मध्ये आणि लागू झाला जुलै २०१५ मध्ये.

आता तारीख बघा. मार्च २०१५ मध्ये नशीदना अटकेपासून १९ दिवसांत खटला चालवून १३ वर्षांची शिक्षा झाली होती. कोणत्या कायद्याखाली? १९९० च्या दहशतवादविरोधी कायद्याखाली, तोच न्यायाधीश उचलल्याबद्दल. म्हणजे परदेशी मदतीतून आलेली देखणी नवी संहिता दारात उभी आणि घरात काम जुन्याच कोयत्याने चाललेलं. मसुदा चांगला होता की वाईट हा प्रश्नच उरत नाही.

दोन. २८५ ची गोष्ट २०१० ला संपली नाही. सोलिह सरकारने सर्वोच्च न्यायालय बदललं, २०१९ मध्ये पहिल्यांदा दोन महिला न्यायाधीश आल्या, परदेशी संस्थांनी कौतुक केलं. नोव्हेंबर २०२४ मध्ये मुइज्जूंच्या पक्षाने, ९३ पैकी ६६ जागा त्यांच्याच, पक्ष सोडणाऱ्या खासदाराची खासदारकी जाईल अशी घटनादुरुस्ती काही तासांत उरकली. तिला आव्हान मिळालं. सर्वोच्च न्यायालय सुनावणीला बसणार त्याच दिवशी, २६ फेब्रुवारी २०२५ ला, सातपैकी तीन न्यायाधीश निलंबित. कुणी केले? न्यायिक सेवा आयोगाने. एकाने राजीनामा दिला, उरलेल्या दोघांना मे महिन्यात मजलिसने काढलं. काढलेल्यांत त्या दोन महिलांपैकी एक होत्या.

म्हणून खाडीपलीकडच्यांशी माझं थोडं वेगळं मत. प्रश्न न्यायाधीश तपासण्याचा नव्हता. प्रश्न तपासणारा आयोग कसा बनवला हा होता. दहा सदस्य : सभापती, एक खासदार, महाधिवक्ता, राष्ट्राध्यक्षांचा प्रतिनिधी, मजलिसने नेमलेला एक नागरिक, नागरी सेवा आयोगाचा अध्यक्ष, वकिलांनी निवडलेला एक वकील, आणि तीन न्यायाधीश. त्यात राजकारणी घुसणार हे घटना लिहिताना स्पष्ट दिसत होतं. २०११ च्या विधिज्ञ आयोगाच्या अहवालात याच रचनेवर बोट ठेवलंय. आपल्याकडे न्यायिक नियुक्ती आयोग २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला तेव्हा आपण किती वाद घातला! तिकडे तो वाद घालायला दोन वर्षंही मिळाली नाहीत.

---

खाडीपलीकडचा | संध्याकाळी ६:४०

@कलम_कसाई, बरोबर. मी दाराबद्दल बोलत बसलो, तुम्ही कुलूपच दाखवलंत. लेखात दुरुस्ती करत नाही, तुमचा प्रतिसाद आहे तसाच लोकांनी वाचावा.

---

पाटीपेन्सिल | रात्री ९:५५

मी सहसा वाचनमात्र असतो, पण ‘राहून आलेलं कुणी’ म्हटलंत म्हणून लिहितो. २००७ ते २०१० मी उत्तरेकडच्या एका अटोलमधल्या शाळेत गणित शिकवत होतो. (अटोल हा शब्द इंग्रजीने त्यांच्याकडूनच घेतलाय, ‘अतोळु’.) बेटाची लांबी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत वीस मिनिटं. आम्ही परदेशी शिक्षक बरेच, बहुतेक केरळ-तमिळनाडूचे, मी एकटा सांगलीचा.

२००८ मध्ये शाळेत पोस्टरं आली. संयुक्त राष्ट्रांच्या प्रकल्पाची, गुळगुळीत कागदावर, नव्या घटनेतली सत्तेची तीन अंगं समजावणारी. सगळं थाना लिपीत, उजवीकडून डावीकडे. मला वाचता येईना म्हणून शिपायाला अर्थ विचारला. तो म्हणाला, सरकार, मजलिस आणि कोर्ट वेगळे असतात असं लिहिलंय. मग हसायला लागला. त्याने बोटं मोजली : बेटाचा कतीब, म्हणजे आपला पाटील आणि तलाठी एकत्र समजा, तो सरकारने नेमलेला. मॅजिस्ट्रेट त्याचा मेहुणा. आणि अटोलच्या खासदाराची होडी मेहुण्याच्या भावाची. तीन अंगं एकाच घरात जेवतात, म्हणाला.

पण मतदानाचा दिवस मी विसरणार नाही. मतदान आमच्याच शाळेत. पहाटेपासून रांगा, बायकांची रांग पुरुषांच्या रांगेपेक्षा लांब. पिवळे झेंडे एका बाजूला, निळे दुसऱ्या बाजूला. मालेहून होड्या भरून माणसं गावी मत द्यायला आली होती, गणपतीला मुंबईहून कोकणात येतात तशी. दुसऱ्या फेरीचा निकाल रात्री रेडिओवर. बंदराजवळ जाळीच्या खुर्च्या असतात, ‘जोली’ म्हणतात, तिथे सगळे बसलेले. नशीद जिंकले म्हटल्यावर आधी कुणी ओरडलंच नाही. एक म्हातारा फक्त एवढंच विचारत राहिला, ‘आणि तो जाणार? खरंच जाणार?’ गयूम जातील यावरच त्याचा विश्वास बसेना. जन्मापासून नव्हे, पण नोकरीला लागल्यापासून त्याने दुसरा राष्ट्राध्यक्ष पाहिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी शाळेत मुलांनी मला विचारलं, सर, तुमच्याकडे पण असं होतं का? मी म्हटलं दर पाच वर्षांनी. एक मुलगी म्हणाली, मग कंटाळा नाही येत?

कार्यशाळाही झाल्या. मालेहून माणसं यायची, प्रोजेक्टर, चहा, ‘हेदिका’ म्हणजे तळलेल्या माशाचे खाऊ. भत्ता मिळायचा म्हणून मीही एकीला बसलो, परदेशी असून. विषय ‘सुशासन’. समोर बसलेल्यांत कतीब, मॅजिस्ट्रेट आणि होडीवाला तिघंही होते आणि तिघांनाही प्रमाणपत्र मिळालं.

---

तिरकस | रात्री १०:१२

गुरुजी, ‘तीन अंगं एकाच घरात जेवतात’ या वाक्यापुढे माझी इस्त्री थंड. आता मात्र वाक्य मागे घेतो.

---

हिशेबनीस | रात्री १०:३०

@पाटीपेन्सिल, कतीब आता राहिले नसतील ना? बेटांवर निवडून आलेल्या परिषदा आल्या फेब्रुवारी २०११ पासून. आणि २०१९ च्या दुरुस्तीने परिषदांत एकतृतीयांश जागा महिलांना. आपल्याकडे त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने झालं तसं. आपल्याकडे सुरुवातीला नवरेच कारभार बघायचे, तिकडे कसं आहे ठाऊक असेल तर सांगा.

---

पाटीपेन्सिल | रात्री ११:०२

कतीब गेले, तो कतीब मात्र परिषदेवर निवडून आला पहिल्याच वेळी. लोकांनीच दिलं.

महिलांचं म्हणाल तर ‘कंटाळा नाही येत?’ विचारणारी ती मुलगी २०२१ मध्ये राखीव जागेवर उभी राहिली आणि जिंकली. अधूनमधून तिचा निरोप येतो. फेब्रुवारीत न्यायाधीशांचं झालं तेव्हा मी तिला विचारलं होतं, तुमच्याकडे लोक काय म्हणतात. तिने उत्तरात बंदराच्या धक्क्याचा फोटो पाठवला. धक्का खचलाय, पावसाळ्यात होडी लागत नाही, मालेतल्या मंत्रालयात फाइल अडकलीय, आणि तिथल्या कारकुनाचं आडनाव मला आठवतं का असं विचारलं. आठवत होतं. होडीवाल्याचा मुलगा. माझ्याकडे गणिताला होता, बेरजा चांगल्या करायचा.